नवखे पात्र आणि संशयाचे गाव : मेजावरील भूमिकाखेळांतील ग्रामीण भयकथानकाची जडणघडण

प्रास्ताविक

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून प्रसिद्ध झाला. मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळांची परंपरा सामान्यतः येथून मोजली जाते. या खेळात पट नसतो, आणि ज्या अर्थाने बुद्धिबळात हारजीत असते त्या अर्थाने हारजीतही नसते. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि एक जण खेळचालक होतो. खेळचालकाने प्रसंग सांगावयाचा, खेळाडूंनी आपले पात्र काय करील ते सांगावयाचे आणि जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फाशांचा कौल घ्यावयाचा, अशी ही पद्धत आहे. खेळचालकाच्या सोयीसाठी तयार कथानकांच्या पुस्तिका १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतंत्रपणे छापल्या जाऊ लागल्या. प्रस्तुत लेखाचा विषय या पुस्तिकांपैकी एका विशिष्ट प्रकारापुरता मर्यादित आहे. तो प्रकार म्हणजे नवख्या पात्रांसाठी रचलेले, एका लहान गावात घडणारे भयकथानक.

हा प्रकार भयसाहित्यातून जसाच्या तसा उचलला गेला, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ही समजूत निराधार नाही. स्टीफन किंग यांची ‘सेलम्स लॉट’ ही कादंबरी १९७५ सालची; एका लहान गावाला हळूहळू ग्रासणारे अरिष्ट हा तिचा विषय होय. तथापि केवळ वाङ्मयीन प्रभाव सांगून प्रश्न सुटत नाही. भयकथानक नेमके नवख्या पात्रांच्याच वाट्याला का आले, आणि त्यासाठी गावच का निवडले गेले, याचे उत्तर खेळाच्या नियमांत शोधावे लागते. दुर्बळ पात्रासमोर बलाढ्य राक्षस उभा करता येत नाही. म्हणून भय राक्षसाकडून काढून शेजाऱ्याकडे द्यावे लागले. या स्थलांतराबरोबर खेळात संशय आला आणि संशयाबरोबर पुराव्याचा प्रश्न आला. त्या प्रश्नाचा मागोवा येथे घेतला आहे.

दुर्बळ पात्राचा पेच

नव्या पात्राची दुर्बलता ही आकडेवारीने सांगता येते. पात्र किती मार सहन करू शकेल हे दर्शविणाऱ्या अंकास आपण ‘प्राणांक’ म्हणू. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या प्राथमिक नियमपुस्तिकेत पहिल्या पायरीवरील जादूगाराचे प्राणांक चार बाजूंच्या एका फाशाने ठरतात. साध्या तलवारीचा घाव आठ बाजूंच्या फाशाने मोजला जाऊ शकतो. प्राणांक शून्यावर आले की पात्र मेले. त्या जादूगाराला दिवसाकाठी एक मंत्र वापरता येतो. तो वापरल्यानंतर त्याच्या हाती खंजिराखेरीज फारसे काही उरत नाही. योद्ध्याची स्थिती याहून बरी, पण फार बरी नव्हे.

अशा पात्रासमोर वेताळ किंवा रक्तपिपासू सरदार उभा करणे म्हणजे कथानक पहिल्याच प्रसंगात संपविणे होय. ट्रेसी व लॉरा हिकमन यांच्या ‘रेव्हनलॉफ्ट’ (१९८३) या गाजलेल्या कथानकात असा सरदार आहे, त्याच्या किल्ल्याखाली दबलेले बॅरोव्हिया नावाचे गावही आहे. परंतु ते पाचव्या ते सातव्या पायरीच्या पात्रांसाठी लिहिलेले आहे. नवख्यांना तेथे प्रवेश नव्हता. उलट बाजूने पाहिले तर भय निर्माण होण्यास दुर्बलता अत्यावश्यक असते. ज्याच्यापाशी प्रत्येक संकटावर तोडगा आहे त्याला भीती वाटत नाही. फार तर त्याची गैरसोय होते. म्हणजे भयासाठी सर्वांत योग्य पात्र नवखेच, आणि भयाची रूढ साधने वापरण्यास सर्वांत अयोग्य पात्रही तेच. हा पेच १९७९ ते १९८२ या अल्पकाळात निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळ्या रीतीने सोडविला.

गायगॅक्स यांचेच ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ (सुमारे १९७९-८०) हे नवख्यांसाठीचे कथानक या संदर्भात आरंभबिंदू मानता येईल. त्यात सीमेवरील एक गढी आहे आणि काही अंतरावर राक्षसांच्या गुहा आहेत. गढी सुरक्षित आणि गुहा धोकादायक अशी सरळ विभागणी आहे. मात्र गढीत एक पाहुणा धर्मोपदेशक आहे, तो सज्जन दिसतो आणि सज्जन नाही. शिवाय गढीत ऐकू येणाऱ्या अफवांची एक यादी दिलेली आहे आणि त्यांतील कोणत्या खोट्या आहेत याची खूण फक्त खेळचालकासाठी केलेली आहे. ही दोन बीजे पुढे फार वाढली. विशेष म्हणजे या गढीतील माणसांना नावेच दिलेली नाहीत. लोहार, सराफ, गढीचा मुख्य अशी त्यांची ओळख हुद्द्याने होते. बिननावाच्या माणसाविषयी संशय घेता येतो, पण त्यात भय उत्पन्न होत नाही. भयासाठी ओळख असावी लागते.

नोंदवहीतील गाव

१९७९ सालीच प्रसिद्ध झालेल्या ‘द व्हिलेज ऑफ हॉमलेट’ या पुस्तिकेत गायगॅक्स यांनी गाव घरागणिक लिहून काढले. नकाशावर घराला क्रमांक, आणि क्रमांकापुढे घरातील माणसे, त्यांचा धंदा, त्यांचा स्वभाव, त्यांची निष्ठा. तपशिलाची ही आवड एखाद्या पाहणीखात्यातील कारकुनाला शोभणारी आहे. गावाजवळच्या पडक्या गढीत लॅरेथ नावाचा दुष्ट पुरोहित दबा धरून आहे, आणि गावात उजळ माथ्याने दुकान चालविणारे दोन व्यापारी प्रत्यक्षात दुष्ट पंथाचे हस्तक आहेत. पात्रे त्यांच्याकडेच दोर, मशाली खरेदी करणार आणि त्यांच्याशीच आपल्या मोहिमेविषयी बोलणार, ही योजना चतुर आहे.

परंतु या नोंदवहीत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. घराघरातून लपविलेली नाणी आणि मौल्यवान वस्तू यांचीही नोंद तितक्याच काटेकोरपणे केलेली आहे. ज्या शेतकऱ्याला पात्रांनी वाचवावयाचे त्याच्या घरात किती नाणी कोठे पुरली आहेत हे लेखक सांगून ठेवतो. याचा हेतू गाव खरे वाटावे असा असेलही. तथापि खजिना मिळविल्याने अनुभव वाढतो या तत्कालीन नियमाशी ही नोंद जोडून पाहिली, तर गाव हेही अखेर एक लुटण्याजोगे तळघरच राहिले आहे असे दिसते. हॉमलेटमध्ये रहस्य आहे, धोका आहे. भय मात्र क्वचितच आहे, असे माझे मत आहे. गावकऱ्यांच्या बाबतीत काहीतरी बिघडले आहे ही जाणीव तेथे होत नाही, कारण दोन व्यापारी वगळता बहुतांश गाव सुस्थितीत आहे.

ऑरलेन : बिघडलेले शेजारी

ही उणीव डग्लस नाइल्स यांच्या ‘अगेन्स्ट द कल्ट ऑफ द रेप्टाइल गॉड’ (१९८२) या कथानकाने भरून काढली. लेखनाकडे वळण्यापूर्वी नाइल्स शाळेत शिक्षक होते, आणि नवशिक्याला कोणती गोष्ट किती वेळाने सांगावी याची जाण त्यांच्या मांडणीत दिसते. कथानक पहिल्या ते तिसऱ्या पायरीच्या पात्रांसाठी आहे. ऑरलेन हे सुखवस्तू शेतकऱ्यांचे गाव. परंतु पूर्वी मनमोकळी असणारी माणसे आता परक्याला टाळतात. काही घरे ओस आहेत. काही जण नाहीसे झाले आणि परत आले ते बदलून आले. गावात दोन खानावळी आहेत. ‘सोनेरी धान्य’ अशा अर्थाचे मंगल नाव असलेली खानावळ पंथाच्या हाती गेली आहे, तर ‘झोपलेला सर्प’ अशा अर्थाचे नाव धारण करणारी सुरक्षित आहे. खेळाडूंना ज्या एका निर्णयात धोका जाणवत नाही तो निर्णय म्हणजे रात्री मुक्काम कोठे करावयाचा. नाइल्स यांनी सारे भय त्या निर्णयावर आणून ठेवले. नवख्या पात्राला गुहेतून पळून गावात येता येते. ऑरलेनमध्ये गावातून पळून कोठे जावयाचे हे त्याला कळत नाही.

अरिष्टाच्या मुळाशी एक नाग आहे. हा शब्द वाचून भारतीय वाचक थबकेल. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या प्राणिकोशात ‘नाग’ हा शब्द मानवी मुख आणि सर्पाचे शरीर असलेल्या जीवासाठी घेण्यात आला, आणि त्याचे रक्षक, जलचर व दुष्ट असे प्रकार कल्पिले गेले. ऑरलेनमधील नागीण दुष्ट प्रकारातील असून नजरेने मोहिनी घालणारी आहे. आपल्याकडे श्रावणात ज्या नागाला दूधलाह्या दाखविल्या जातात त्याच्याशी तिचे नाते केवळ नावापुरते उरले आहे, एवढे नमूद करून पुढे जाणे बरे.

महत्त्वाचे आहे ते मोहिनीचे कलम. पंथातील पुष्कळ गावकरी स्वेच्छेने पंथात गेलेले नाहीत. त्यांना पळवून नेऊन वश करण्यात आले आहे. रात्री हातात सोटा घेऊन अंगावर येणारा माणूस गेल्या वर्षापर्यंत सरळमार्गी शेतकरी होता. त्याला ठार करावे की बांधून ठेवावे? गुहेतील राक्षसाच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारीत नव्हते. येथे तो टाळता येत नाही, आणि पहिल्या पायरीच्या पात्राची दुर्बलता त्याला धार आणते, कारण ज्याला एका घावात मरण येऊ शकते त्याला दया परवडत नाही. पुढे दलदलीतून नागिणीच्या बिळापर्यंतचा जो भाग येतो तो रूढ वळणाचा आहे. नागीण नवख्यांना झेपणारी नव्हे म्हणून गावाबाहेर राहणाऱ्या एका वृद्ध जादूगाराची मदत योजावी लागली; हा तोडगा मला कच्चा वाटतो. कथानकाचे सामर्थ्य पहिल्या अर्ध्या भागात, म्हणजे गावातच आहे.

पुराव्याचा प्रश्न

शेजारी दुष्ट आहे हे ओळखावयाचे कसे? इतिहासाच्या अभ्यासकाला येथे मॅसॅच्युसेट्समधील सेलमची आठवण होणे अपरिहार्य आहे, आणि ती आठवण अप्रस्तुत नाही. ज्या लेखकाच्या कथांवर या भयकथानकांचा एक मोठा प्रवाह उभा आहे त्या एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) यांनी आपले कल्पित आर्कम हे नगर सेलमवरूनच घडविले होते. सेलममध्ये १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी देण्यात आले. एका वृद्धाने न्यायालयात उत्तर देण्याचे नाकारल्यामुळे त्याला दगडांखाली चिरडून मारण्यात आले. आरोपींची संख्या दीडशेच्या वर गेली होती. आरोपीचे ‘रूप’ आपल्याला छळताना दिसले, अशी साक्ष त्या न्यायालयाने ग्राह्य धरली. ज्या गोष्टीची दुसऱ्या कोणालाही शहानिशा करता येत नाही ती पुरावा ठरली. इन्क्रीज मॅदर यांनी त्या वर्षीच्या शरदऋतूत अशा साक्षीविरुद्ध लिहिले, आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर फिप्स यांनी ते विशेष न्यायालय बरखास्त केले.

गायगॅक्स यांच्या खेळात मात्र नेमकी अशीच साक्ष नियमानेच खरी मानलेली आहे. प्रत्येक पात्राला एक नैतिक कल असतो, आणि नवख्या पुरोहितापाशीही दुष्टपणा ओळखण्याचा मंत्र असू शकतो. पुरोहिताने डोळे मिटावे, मंत्र म्हणावा आणि सराफाकडे बोट दाखवावे. सेलममध्ये ज्याने अनर्थ घडला ते या जगात यथार्थ ज्ञान ठरते! रचनाकाराच्या दृष्टीने याचे दोन दुष्परिणाम होतात. एक, रहस्य एका मंत्रात संपते. दुसरा अधिक गंभीर: ज्याच्याविषयी मंत्राने कौल दिला त्याच्या बाबतीत पुढील चौकशीची गरजच उरत नाही. वश केलेला गावकरी ही कल्पना या अडचणीवर उतारा ठरते, असे मला वाटते. कारण तेथे माणसाचा स्वभाव आणि त्याचे कृत्य यांची फारकत होते, आणि कौल मिळाला तरी त्याने काय सिद्ध झाले हा प्रश्न उरतो. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत हा मंत्र बदलण्यात आला. त्या मंत्राने आता सामान्य माणसाचा दुष्टपणा कळत नाही. केवळ पिशाच, प्रेत इत्यादी परलोकीचे वा अमानवी अस्तित्व कळते.

सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ (१९८१) या लव्हक्राफ्टप्रणीत खेळाने हा प्रश्न मुळातच निराळ्या रीतीने सोडविला. तेथे नैतिक कल नाही आणि प्राणांक अनुभवाने वाढतही नाहीत. पात्र एका अर्थी कायम नवखेच राहते. वाढते ते त्याचे ज्ञान, आणि जसजसे ज्ञान वाढते तसतसा त्याचा मनःस्थैर्याचा अंक खालावण्याची शक्यता वाढते. या खेळाच्या पहिल्या आवृत्तीपासून नवख्यांसाठी दिलेले झपाटलेल्या घराचे कथानक बोस्टन शहरातील आहे, गावातील नव्हे. तरीही त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण त्याने चौकशीची पद्धत घालून दिली. घरमालक पात्रांना घराची तपासणी करण्यास सांगतो. घरात शिरण्यापूर्वी त्यांनी वृत्तपत्रांचे जुने अंक, ग्रंथालय आणि सरकारी दप्तर चाळावे अशी अपेक्षा असते. जे हे करीत नाहीत ते वरच्या मजल्यावरील खोलीतल्या पलंगाच्या तडाख्याने खिडकीबाहेर फेकले जाण्याचा संभव असतो. अभिलेखागाराला इतके महत्त्व देणारा दुसरा करमणुकीचा प्रकार माझ्या पाहण्यात नाही.

याच प्रवाहाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. लव्हक्राफ्ट यांची ‘द शॅडो ओव्हर इन्समथ’ ही दीर्घकथा १९३१ साली लिहिली गेली आणि १९३६ साली पुस्तकरूपाने आली. न्यूबरीपोर्ट या बंदरगावाच्या दर्शनातून तिची पार्श्वभूमी सुचली. उतरती कळा लागलेले गाव, विद्रूप होत चाललेले रहिवासी, आणि त्या विद्रूपतेचे कारण रक्तातील संकर. लव्हक्राफ्ट यांचा वंशद्वेष त्यांच्या पत्रव्यवहारावरून निर्विवाद सिद्ध आहे, आणि या कथेतील भय त्याच्यापासून वेगळे काढता येत नाही. इन्समथच्या साच्यावर जे जे कथानक बेतले जाते त्यात गावकरी चेहऱ्यावरून ओळखू येतो. दिसण्यावरून दोष ठरविण्याची ही रीत नवशिक्या रचनाकाराला सोपी वाटते. ऑरलेनमध्ये ती नाही, हे नाइल्स यांच्या श्रेयाचे आहे.

सॉल्टमार्श : भयाची शहानिशा

या सर्व प्रयत्नांत मला सर्वाधिक विचारी वाटते ते ब्रिटनमध्ये तयार झालेले ‘द सिनिस्टर सिक्रेट ऑफ सॉल्टमार्श’ (१९८१). डेव्ह ब्राउन आणि डॉन टर्नबुल हे त्याचे लेखक. समुद्रकाठच्या सॉल्टमार्श गावाबाहेर एका किमयागाराचे पडके घर आहे. गाव त्याला झपाटलेले समजते. पात्रे आत शिरतात तेव्हा किंकाळ्या ऐकू येतात, बोलणारे आवाज धमकी देतात. यांतील मोठा भाग हा बनाव आहे. घराखालील गुहांतून चोरटा माल आणणाऱ्या टोळीने लोकांना दूर ठेवण्यासाठी ही अफवा पोसली आहे, आणि धमकीचे आवाज जादूने बसविलेले आहेत. नवख्या पात्रांना भुताशी लढावे लागत नाही, माणसांशी लढावे लागते, आणि ती माणसे त्यांना झेपतात. दुर्बलतेचा पेच येथे सर्वांत कमी खर्चात सुटला आहे. भय पूर्ण वाट्याला येते. त्याचे कारण मात्र हाताच्या आवाक्यात राहते.

पुढचा भाग ‘डेंजर अ‍ॅट डनवॉटर’ (१९८२) याच सूत्राला उलटे वळण देतो. चोरट्या व्यापारातून पुरविलेली शस्त्रे सरड्यासारख्या दिसणाऱ्या एका जमातीकडे जात आहेत असे उघड होते, आणि ही जमात सॉल्टमार्शवर हल्ला करणार असे सर्वांना वाटते. वस्तुतः तिची तयारी एका तिसऱ्याच, समुद्रातील शत्रूविरुद्ध आहे. तलवार उपसून आत शिरणारे खेळाडू संभाव्य मित्रांची कत्तल करतात. जे बोलणी करतात त्यांना खरी हकिगत कळते. चुकीच्या संशयाची किंमत कथानकातच मोजावयास लावणारी ही रचना त्या काळात विरळ होती.

या मालिकेच्या प्रकाशनकाळातच भूमिकाखेळ स्वतः संशयाच्या भोवऱ्यात सापडले, हा योगायोग लक्षणीय आहे. १९८३ साली पॅट्रिशिया पुलिंग यांनी अमेरिकेत या खेळांविरुद्ध संघटना काढली. खेळामुळे मुले सैतानपूजेकडे वळतात असा आरोप होता. १९८५ साली ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातही हा विषय आला. आरोपांना पुष्टी देणारा कार्यकारणसंबंध प्रस्थापित झाला नाही. तरीही १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून प्रकाशकांनी सैतान व राक्षस यांची रूढ नावे गाळली. ऑरलेनच्या गावकऱ्यांनी आपसांत जे केले असते त्याहून हे फारसे वेगळे नव्हते.

१९८१ च्या सॉल्टमार्शमध्ये एक मोठी जागा कोरी होती. घराचा दालनागणिक तपशील होता, गावाचा मात्र जवळजवळ नव्हता. ते खेळचालकाने आपल्या कल्पनेने उभे करावे अशी अपेक्षा होती. योगायोगाने खेळाच्या जन्मवर्षीच, १९७४ साली, पॉल बॉयर आणि स्टीफन निसनबॉम यांचा ‘सेलम पझेस्ड’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. चेटकाच्या खटल्यांमागे गावातील दोन गटांचे जुने वैर होते, एक गट शेतीला चिकटलेला आणि दुसरा बंदराच्या व्यापाराकडे झुकलेला, असे प्रतिपादन त्यांनी घरांच्या नकाशाच्या आधारे केले. बेंजामिन रे यांनी २००८ साली त्या नकाशाची फेरतपासणी करून ही भौगोलिक विभागणी टिकत नसल्याचे दाखविले; तथापि गटबाजीकडे वेधले गेलेले लक्ष कायम राहिले. सॉल्टमार्शची कथानके २०१९ साली ‘घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श’ या ग्रंथात नव्याने छापली गेली तेव्हा ती कोरी जागा भरण्यात आली. आता गावात पंचमंडळ आहे. जुन्या मासेमारीवर आणि किनाऱ्यावरील चोरट्या व्यापारावर जगणारा परंपरावाद्यांचा एक गट आहे, राजाशी निष्ठा ठेवून व्यापार वाढवू पाहणारा दुसरा गट आहे, आणि त्या दोहोंच्या भांडणाचा लाभ उठविण्यासाठी एका परक्या पंथाचा हेर एका प्रतिष्ठित घरात नोकर म्हणून राहतो आहे. किमयागाराचे पडके घर पूर्वीच्याच ठिकाणी, गावाबाहेर आहे.